वरची नोकरी, खालची नोकरी

माझ्या मरणाची फुलं मी स्वतः दारात उभी राहून घेतली. पांढऱ्या लिलीचा भलामोठा गुच्छ होता आणि सोबतच्या कार्डावर लिहिलं होतं, 'कोरी, तुझ्या आईच्या जाण्याने आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं.' फुलं घेऊन आलेल्या बाईने चेहरा पाडून विचारलं, "घरातलं कोणी गेलं का हो?"

"मीच गेले म्हणे," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

कोरी हा माझा मुलगा. चाळिशी उलटलेला, घटस्फोट झालेला, अंगाने माझ्या नवऱ्यासारखा आडवा. तेवढ्यात तो जिन्यावरून नुसत्या मोज्यांनिशी धावत खाली येत होता. घरात तो बूट घालत नसे, कारण त्याची धावपळ मीटिंगमधल्या लोकांना ऐकू जाता कामा नये.

"हे काय आहे?" मी फुलं त्याच्या नाकासमोर धरली.

"अगं, ते खालच्यांनी पाठवलंय," तो म्हणाला. जणू शेजाऱ्याचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं होतं.

आमच्या घरात कोरीच्या दोन नोकऱ्या होत्या, एक वरची आणि एक खालची. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक लॅपटॉप होता, त्यावर शाळांच्या बसगाड्यांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तळघरात दुसरा लॅपटॉप, त्यावर दातांच्या दवाखान्यांच्या वेळा लावून देणारी कंपनी. दोन्ही नोकऱ्या घरून करायच्या, दोन्ही पूर्णवेळ, दोन्हींची वेळ सकाळी आठला सुरू होणारी, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. एका खोलीत दोन्ही लॅपटॉप ठेवले तर एका मीटिंगचा आवाज दुसऱ्या मीटिंगमध्ये जातो, म्हणून मध्ये आख्खं घर. त्या मधल्या मजल्यावर मी. दिवसभर माझा मुलगा माझ्या डोक्यावरून पायाखाली आणि पायाखालून डोक्यावर पळत असे.

हाव म्हणून त्याने हे केलं असतं तर मी त्याचे कान उपटले असते. पण तसं नव्हतं. आधीच्या कंपनीत त्याने उमेदीची वर्षं घातली होती. एका सकाळी त्याच्या संगणकाने पासवर्ड घेतला नाही. त्याला वाटलं आपलंच काही चुकतंय, म्हणून बिचारा पुन्हापुन्हा तोच टाकत बसला. मग फोन आला, पाच मिनिटांचा, आणि नोकरी संपली. त्याच हिवाळ्यात लग्नही मोडलं. मी माझं क्लोके गावातलं घर विकलं आणि आम्ही दोघांनी मिळून डुलूथमध्ये हे घर घेतलं. पुढे एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, आणि या पठ्ठ्याने दोन्हीकडे हो म्हटलं.

"एक गेली तरी एक राहील, आई," तो म्हणाला होता.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," मी म्हणाले होते.

तर फुलांचं असं झालं होतं की वरच्या कंपनीने सगळ्यांना दोन दिवस मिनियापोलिसला बोलावलं होतं. खाली काहीतरी सांगणं भाग होतं. "आजारी आईबद्दल लोक प्रश्न विचारतात," कोरी मला समजावून सांगायला लागला, "मेलेल्या आईबद्दल कोणी विचारत नाही. लगेच रजा मिळते."

"आणि वर?"

"वर तू जिवंत आहेस गं. फक्त जराशी आजारी."

"काय झालंय मला?"

"काही नाही. असंच, वयाचं." खालून घंटी वाजली आणि तो पळाला. जाताना माझ्या गालाचा मुका घ्यायला विसरला नाही.

मी त्या रविवारीच चर्चमध्ये सगळ्यांत वरच्या पट्टीत गायले होते. आदल्या दिवशी दारातला बर्फ स्वतः फावड्याने काढला होता, कोरीच्या गाडीपुढचासुद्धा. प्रार्थनेनंतर चर्चमध्ये सगळे कॉफीला थांबतात, तेव्हा मला कोणाला तरी ही गंमत सांगावीशी इतकी वाटत होती की जीभ चावून बसावं लागलं. गंमतच वाटली मला तेव्हा, खोटं कशाला बोलू? फुलं मी जेवणाच्या टेबलावर ठेवली. चांगली आठवडाभर टिकली.

वरच्या नोकरीतली रोसाल्बा मला जेवताना भेटायची, म्हणजे कोरीच्या बोलण्यात. ती विलमारला राहायची, इथून गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आईबाप टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात राबलेले, बाप कधीच गेलेला, आई अलीकडे वारलेली, आणि पदरात दोन मुली. कोरीने तिला आणि तिने कोरीला पडद्याबाहेर कधी पाहिलेलं नव्हतं, मिनियापोलिसलाही तिच्या मुली तापाने पडल्या म्हणून ती आली नव्हती. पण ती रोज सकाळी विचारायची, "आई कशी आहे?" माझी सख्खी बहीण इतक्यांदा विचारत नाही.

त्यांच्या कामात एक फोनची पाळी असते. आठवडाभर फोन उशाशी घेऊन राहायचं, आणि काही बिघडलं तर हातातला घास टाकून धावायचं. दर पाळीत दोन माणसं असतात, पहिला आणि दुसरा. पहिला धावतो, दुसरा त्याच्या मागे उभा राहतो. आणि नियम असा की चालू यंत्रात कोणीही एकट्याने हात घालायचा नाही. एकाने दुरुस्ती करायची, दुसऱ्याने ती बघून 'हो' म्हणायचं, मगच ती लागू होते. कोरीला दोन घरं सांभाळताना पहिल्याची पाळी जड जायची. रोसाल्बा म्हणायची, "दे मला तुझा आठवडा, तू आईकडे बघ." तिने त्याच्या पाळ्या अशा उचलल्या की कधीकधी लागोपाठ दोन आठवडे फोन तिच्याकडेच असे. कोरी नुसता दुसरा म्हणून नावाला.

"बाई झोपते कधी?" मी एकदा विचारलं.

"मी तिला म्हटलं होतं नको म्हणून," कोरी ताटात बघत म्हणाला. तो ताटात बघून बोलला की मी ओळखते.

फेब्रुवारीतला तो मंगळवार. पहाटे बर्फ सुरू झाला होता, आणि बसगाड्या निघाल्यानंतर शाळांनी ठरवलं की आज बंद. गाड्या माघारी फिरल्या. अशा वेळी आईबापांना फोनवर निरोप जायला हवा, की पोरांना घराबाहेर काढू नका. तो निरोप कोरीच्या वरच्या कंपनीच्या यंत्रातून जातो. रोसाल्बाने आदल्या दिवशी केलेल्या एका बदलात काहीतरी घसरलं होतं. तिचा तो लागोपाठ दुसरा आठवडा होता. निरोप कुठेच गेला नाही. तिला चूक लगेच सापडली, तिने ती दुरुस्तही केली. आता फक्त दुसऱ्या माणसाचा 'हो' हवा होता. त्या आठवड्यात दुसरा माणूस कोरी होता. हे सगळं मला नंतर कळलं.

मला त्या वेळी कळलं ते एवढंच की वर फोन वाजतोय. वाजायचा थांबला, पुन्हा वाजायला लागला. मी वर गेले. पडद्यावर रोसाल्बाचं नाव. मी फोन घेऊन तळघराच्या जिन्याने उतरले. कोरी कॅमेऱ्यासमोर बसला होता, वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, आणि कुठल्यातरी मोठ्या गिऱ्हाइकाला दाढा काढण्याच्या वेळा कशा लावायच्या ते दाखवत होता. मला पाहताच त्याचे डोळे मोठे झाले. टेबलाखालून हाताने त्याने मला जोरजोरात परत जायला खुणावलं. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर थबकले. त्या खोलीत मी मेलेली होते. मेलेल्या बाईने कॅमेऱ्यासमोर कसं जावं?

मी स्वयंपाकघरात आले आणि फोन उचलला.

"कोरी, उचललास बाबा एकदाचा, ऐक..."

"मी त्याची आई बोलतेय."

पलीकडचा आवाज बदलला, मऊ झाला. "मिसेस हॉलवर्सन. बऱ्या आहात ना? कोरी आहे का तुमच्याजवळ?"

"तो तळघरात आहे. दातांच्या डॉक्टरांशी बोलतोय."

"बरं. तळघरात. दातांच्या डॉक्टरांशी." ती सावकाश म्हणाली. "आत्ता तुमच्याजवळ कोणीच नाही का?"

"मला कशाला कोणी हवंय? तुमचा काय निरोप असेल तो सांगा, मी देते त्याला."

"नको नको, काही नाही. तुम्ही खुर्चीत बसून राहा, बरं का? दार उघडून बाहेर जाऊ नका. बर्फ पडतोय."

"बर्फ मला दिसतोय," मी म्हटलं. मला वाटलं, पोरगी जरा मंद आहे की काय. तिच्या आवाजात घाई दाटून आली होती, आणि तरी ती माझ्याशी एखाद्या पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तशी बोलत होती. तिने फोन ठेवला. नंतर पुन्हा वाजला नाही. ती स्वतः अडचणीत आहे हे मला त्रास होऊ नये म्हणून तिने सांगितलं नाही, आणि मी फोन टेबलावर ठेवून कांदा चिरायला घेतला.

कोरी वर आला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गावोगावी पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहिली, न येणाऱ्या बसची वाट बघत. मी अर्धं आयुष्य शाळेची बस चालवली आहे. त्या थंडीत उभं असलेलं पोर कसं दिसतं, हे मला कोणी सांगायला नको. मफलरवर श्वास गोठलेला असतो, आणि पोर रडत नाही, कारण रडलं तर पापण्या चिकटतात. उत्तरेकडच्या एका गावातल्या मुलीची बोटं बर्फाने पांढरी पडली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. संध्याकाळी कोरीने हे सांगितलं तेव्हा मी गॅस बंद केला आणि बसून राहिले. जेवण झालंच नाही.

त्या लोकांचा एक रिवाज आहे. असं काही मोठं मोडलं की सगळे एकत्र बसतात, आणि कोणाला काय दिसलं, कोणी काय केलं, ते क्रमाने सांगतात. दोष मात्र कोणाला द्यायचा नाही. माणूस चुकत नाही, व्यवस्था चुकते, असं त्यांचं म्हणणं. वरच्या खोलीतलं बोलणं गरम हवेच्या नळीतून माझ्या पलंगाशी नीट ऐकू येतं. मी मुद्दाम जाऊन बसले. आज हा सांगेल, असं मला वाटत होतं. निदान अर्धं तरी.

सगळे फार छान बोलत होते. कोणी कोणाचं नाव घेत नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. मग कोणीतरी विचारलं, "पण दुसरा माणूस उपलब्ध का नव्हता, तेवढं लिहायला हवं," आणि रोसाल्बाचा आवाज आला.

"ते मी सांगते. मी कोरीला फोन केला होता, त्याच्या आईने उचलला. त्या पूर्ण हरवलेल्या होत्या. कोरी तळघरात दाताच्या डॉक्टरांशी बोलतोय म्हणाल्या. माझी आई अशा सकाळी कपाटात बाबांना शोधायची. बाबा जाऊन किती वर्षं झाली होती. त्या वेळी घरातल्या माणसाने फोन उचलावा, ही अपेक्षाच करू नये. माझी विनंती आहे, त्याला काही विचारू नका."

कोणी काही विचारलं नाही. मग त्यांच्या मॅनेजरचा आवाज आला, "कोरी, घर आधी. काम नंतर."

"थँक यू," माझा मुलगा म्हणाला.

मी वर गेले तोपर्यंत मीटिंग संपली होती.

"मला वेडी ठरवलंस तू?" मी म्हटलं.

"वेड नाही आई, स्मृतिभ्रंश."

"मोठाच फरक आहे!"

"दुसरं काय सांगणार होतो? पाय मोडला सांगितला असता तर पाय बरा होतो. यात कधी काय होईल सांगता येत नाही. मला कधीही उठून जावं लागतं ना." तो अगदी सरळ चेहऱ्याने बोलत होता, एखादी अडचण कशी सोडवली ते समजावून देत असल्यासारखा.

"त्या पोरीने तुला पाठीशी घातलं."

"तिला कोणी काही म्हटलेलं नाही, आई. त्या मीटिंगमध्ये कोणालाच काही म्हणत नाहीत."

म्हणत नाहीत, हे खरं. महिना उलटायच्या आत त्यांनी रोसाल्बाची जागाच काढून टाकली. पत्र फार गोड होतं म्हणे. त्या मंगळवाराशी याचा काही संबंध नाही, असं त्यात दोनदा लिहिलेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाला शुभेच्छा.

"सांग त्यांना," मी म्हटलं. "आत्ता फोन लाव आणि सांग, की ती एकटी पडली कारण मी खाली होतो."

"सांगितलं तर मी जाईन. ती परत येईलच असं नाही."

"येईलच असं नाही, पण येईल कदाचित."

"हे असलं बाहेर फुटलं की खालचेही काढतील. मग पुढे कोण घेणार मला?" तो स्वयंपाकघरात जमिनीवरच बसला, फ्रिजला पाठ लावून, एवढा मोठा माणूस. "मला रोज सकाळी पासवर्ड टाकताना हात थरथरतो, आई. दोन्हीकडे. तुला कळत नाहीये."

मला कळत होतं. तेच तर दुखणं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घर त्याचं तसं माझंही होतं, आणि या वयात मी कुठे जाणार होते? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मनात ठरवलं, कंपनीला मी कळवणार नाही, पण रोसाल्बा कधी समोर आली तर तिला खरं सांगायचं. तिला ते कळायला हवं. पुढे तिने त्याचं काय करायचं ते तिने करावं. तिने कंपनीपुढे नेलं तर कदाचित तिची भाकरी परत मिळेल. आमची जाईल तर जाईल.

ती कधी समोर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण मार्चमध्ये एका गुरुवारी सकाळी दारात जुनी निळी गाडी थांबली आणि कोरीचा फोन वाजला. तो खिडकीशी गेला आणि पांढराफटक पडला.

"आई, रोसाल्बा आलीये."

"कुठे?"

"दारात. म्हणतेय आता वेळच वेळ आहे, तर आज दिवसभर मी आईजवळ बसते, तू निवांत काम कर." त्याने घड्याळ पाहिलं. "मला खाली मीटिंग आहे, लगेच वर दुसरी आहे. आई, जरा आडवी हो ना. तासभर फक्त. बोलू नकोस काही."

"तू जा तुझ्या कामाला," मी म्हटलं. "दार मी उघडते."

कोरीने दाखवलेल्या फोटोत दिसायची त्यापेक्षा रोसाल्बा बुटकी निघाली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं मोठं पातेलं. तिने आधी बूट काढले, पातेलं ओट्यावर ठेवलं, मग माझे दोन्ही हात हातात घेतले. "मिसेस हॉलवर्सन, मी रोसाल्बा. आपण फोनवर बोललोय. आठवत नसेल तर काही हरकत नाही."

"लख्ख आठवतंय," मी म्हटलं. "बस. मला तुझ्याशी बोलायचंय. आज गुरुवार आहे, मार्च महिना आहे, आणि माझं डोकं ठिकाणावर आहे."

"वा!" ती मनापासून म्हणाली. "अगदी बरोबर. गुरुवारच आहे."

पोरीचं वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. मी भराभर बोलायला लागले. "नीट ऐक. कोरीच्या दोन नोकऱ्या आहेत. एक वर, एक खाली. त्या मंगळवारी तो खालच्या नोकरीवर होता, म्हणून तुझा फोन घेतला नाही. मला काहीही झालेलं नाही. माझ्या आजाराची गोष्ट त्याने रचली, आणि तू त्याच्या पाळ्या केल्यास, आणि तुझी नोकरी गेली. तू कंपनीला जाऊन हे सांग. माझं नाव घेऊन सांग."

ती माझ्याकडे बघत होती. डोळे भरून यायला लागले होते तिचे. मला वाटलं, पोहोचलं.

"दोन नोकऱ्या," ती म्हणाली. "एक वर, एक खाली."

"हो. खाली दातांची कंपनी आहे. तिथे मी मेलेली आहे. फुलंसुद्धा आली होती, पांढरी लिली, मीच दारात घेतली."

हे तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. आणि तरी त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"तुम्ही मेलेल्या नाही आहात, मार्लिस," रोसाल्बाने मला नावाने हाक मारत माझी बोटं दाबली. "हे बघा, तुम्ही इथे आहात. माझ्याजवळ आहात."

"मला माहीत आहे मी इथे आहे!"

"रागही येतो, हो ना? माझ्या आईलाही फार यायचा. काही बिघडत नाही."

मी उठले. तिचा हात धरून तिला तळघराच्या दाराशी नेलं. म्हटलं बोलून काय उपयोग, दाखवतेच. कडी आतून होती. त्या मंगळवारानंतर मी पुन्हा पायऱ्यांवर येऊ नये म्हणून कोरीने ती बसवून घेतली होती. मी दार हलवलं, धपाधप हात मारले. आतला आवाज बंद पडला. त्याने माइक बंद केला असणार.

रोसाल्बाने कडी लावलेल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आम्हीही जिन्याच्या दाराला कडी लावली होती," ती हळूच म्हणाली. "आई दोनदा पडली होती. चांगलं केलंय त्याने. चला, खुर्चीत बसू या."

माझ्या दंडाला धरून तिने मला परत आणलं. हात भक्कम होते तिचे, आणि सवयीचे. मला ढकलून देता आलं असतं. पण ढकललं असतं तर तेही आजारातच गेलं असतं. मी काहीही केलं असतं तरी ते आजारातच जाणार होतं. ओरडले तर आजार, रडले तर आजार, शहाण्यासारखी बोलले तर 'आज त्यांचा दिवस बरा आहे'. एवढं आयुष्य गेलं माझं, पण बोलूनही मुकं असणं काय असतं हे मला त्या खुर्चीत कळलं.

तिने पातेल्यातलं सूप गरम करायला ठेवलं. कोंबडीचं, मका घालून केलेलं. तिच्या आईला शेवटी तेवढंच जायचं म्हणे.

तेवढ्यात तळघराचं दार उघडलं आणि कोरी वर आला. इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती पहिल्यांदाच त्याला भेटत होती. पुढे होऊन तिने त्याला मिठी मारली, आणि तो ओंडक्यासारखा उभा राहिला.

"कसा करतोस रे तू हे सगळं?" ती म्हणाली.

त्याने नजर गॅसवरच्या पातेल्याकडे वळवली.

"आज जरा घाबरल्यात त्या," रोसाल्बा आवाज खाली करून म्हणाली, पण मला ऐकू येईल इतपत. "मला सांगत होत्या, तू दोन नोकऱ्या करतोस. माझी नोकरी त्यामुळे गेली. मी कंपनीला जाऊन सांगावं."

स्वयंपाकघरात सूप खदखदत होतं. मी कोरीकडे बघत होते. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला होता, आणि मला आशा वाटली. आता त्याला काही रचायचं नव्हतं. सगळं सांगून झालं होतं, त्याने फक्त 'खरं आहे' म्हणायचं होतं. दोनच शब्द. रोसाल्बा त्याच्याकडे मान वर करून बघत होती, मनात तिळभर शंका नाही. मी म्हटलं, "बोल, कोरी."

"हल्ली ती असं काहीबाही बोलते," कोरी म्हणाला. "तू मनावर घेऊ नकोस."

वर कुठेतरी घंटी वाजली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, हात ओला होता, आणि मोज्यांनिशी जिना चढून वर गेला.

रोसाल्बाने माझ्या गळ्याशी रुमाल लावला. चमचाभर सूप घेतलं, त्यावर फुंकर घातली, आणि स्वतःच्या ओठाला लावून बघितलं फार गरम तर नाही ना. मग चमचा माझ्यापुढे धरला आणि वाट बघत राहिली. पहाटेपासून गाडी चालवून आली होती ती. नोकरी गेलेली, घरी दोन मुली, आणि चेहऱ्यावर माझ्याबद्दलच्या मायेशिवाय काही नाही.

मी तोंड उघडलं.